माकबुले तेयझेंच्या घरची गार कॉफी

माझ्या डोळ्यांचा उजेड, उम्म मरवान मावशी यांना,

हनादीचा सलाम, आणि तुमच्या दोन्ही हातांना मुके. तुमचे गुडघे कसे आहेत, डावा अजून कुरकुरतो का, काकांचा खोकला उतरला का, विहिरीजवळच्या डाळिंबाला यंदा फळ धरलं का, आणि ती काळी शेळी अजून 'हनादी' म्हटलं की धावत येते का (तिला माझं नाव तुम्हीच ठेवलंत, मी विसरलेले नाही), सगळं कळवा. आम्ही इथे बरे आहोत. मुनीर बरा आहे, लुजैन बरी आहे, दोन दात पडलेत म्हणून शिट्टी वाजल्यासारखी बोलते. आणि पोटात जे आहे ते तर इतकं बरं आहे की मी ताट पोटावर ठेवलं तर ताट उडवतं.

हे पत्र मी मागच्या गल्लीतल्या एका बाईच्या सासूबरोबर पाठवतेय, तिला ईदला तिकडे जाऊन यायची परवानगी मिळालीय. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्याकडे फोन लावला की 'हॅलो' तेवढं पोचतं आणि बाकीचं वाटेत सांडतं. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, मी शाळेत किती गेले आणि किती पळून आले तेही माहीत आहे, तर तुमच्या समरकडून वाचून घ्या. तिच्या नवऱ्यासमोर वाचू नका. यात बायकांच्या गोष्टी आहेत, आणि शलगमच्या पाण्यानंतर माझं काय झालं तेही आहे.

तुम्ही विचारलं होतं, त्या दिवशी आत तुझ्याजवळ कोण असेल. मावशी, हे सगळं पत्र त्या एकाच प्रश्नाचं उत्तर आहे, आणि उत्तर असं झकास मिळालंय की मी तीन दिवस कोणाला सांगू कोणाला सांगू करत होते. पण आधीपासून सांगते, नाहीतर मजा जाईल.

लुजैनच्या वेळचं मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. 'सगळं छान झालं' एवढंच कळवलं होतं. छान कसलं. इथे बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला येऊ देत नाहीत. मुनीर बाहेर पायऱ्यांवर सिगारेटी फुंकत बसला आणि आत मी एकटी. आजूबाजूला सगळ्या बाया तुर्कीत बोलताहेत. एक नर्स, चांगली भरदार, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडायची. मला वाटलं मी चादर खराब केली म्हणून रागावतेय. मी रडत रडत मला येत होतं तेवढं सगळं तुर्की तिला म्हणून दाखवलं: पाव, टोमॅटो, एक किलो, अजून थोडे घाला, देव तुमचं भलं करो. (तेव्हा माझं तुर्की म्हणजे बाजाराची पिशवी होती.) ती बाई थांबली. मग तिनेच दोन्ही मुठी आवळल्या, गाल फुगवले, गुडघे वाकवले आणि असा जोर लावून दाखवला की तिचं तोंड वांग्यासारखं झालं. तेव्हा मला कळलं, 'जोर लाव' म्हणत होती. एवढा साधा शब्द, तो मला आधी येत असता तर लुजैन कितीतरी लवकर जगात आली असती. बाई वाईट नव्हती हो, नंतर तिनेच माझे केस विंचरले. पण तेव्हापासून त्या पांढऱ्या दाराची मला अशी धास्ती बसलीय की बस त्या रस्त्याने गेली तरी मी डोळे मिटून घेते आणि मुनीरला विचारते, गेलं का.

तुम्ही म्हणाल, मग इतकी वर्षं काय झोपा काढल्यास? अहो, जुन्या गल्लीत तुर्की लागायचंच कुठे. दुकानदार आपला, पाववाला आपला, शिंपी आपला, भांडणंसुद्धा आपलीच. मग मुनीरचं गोदाम लांब पडायला लागलं म्हणून आम्ही या इमारतीत आलो, आणि इथे वर-खाली, डावी-उजवीकडे सगळे तुर्क. जिन्यात कोणी काही बोललं की मी हसायचे. एकदा एकीने तोंड पाडून बराच वेळ काही सांगितलं, मी मन लावून हसत राहिले. नंतर कळलं तिची सासू वारली होती.

म्हणून ठरवलं, हे बाळ यायच्या आत भाषा शिकायची. पहिली आठवण कसली आली सांगू? आपण संध्याकाळी तुमच्या घरी बघायचो त्या तुर्की मालिकांची. त्यात सगळे कसे अस्सल दमास्कसवाल्यांसारखे बोलायचे, जरा लाडात, जरा नाकात. मी लहान होते, मला खरंच वाटायचं की तुर्क असेच बोलतात, म्हणजे आपल्याला काय अवघड आहे. इथे येऊन बघते तर तीच माणसं, तेच डोळे, आणि तोंडातून भलतंच; आपल्याकडचे आवाज वरून चिकटवलेले होते. आणि मावशी, तुमचा तो लाडका, समुद्राकाठी घर असलेला, ज्याच्यापायी तुम्ही गव्हाची खीर दोनदा करपवलीत, त्याचा खरा आवाज मी ऐकला. सांगू की नको असं झालंय. बारीक आहे. दाराला तेल घालायचं राहिलं की कसं होतं, तसा. माफ करा, पण कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

तरी मी चिकाटीने मालिकाच बघितल्या, भोपळ्याच्या बिया सोलत. आणि शिकले काय, तर 'हे मूल कोणाचं, खरं सांग', 'तुला याची किंमत मोजावी लागेल', आणि 'मी तुला मेलेला समजत होते'. यातलं दवाखान्यात कुठलं वाक्य वापरणार? मग मुनीर म्हणाला, थांब, मी शिकवतो. मुनीर संत्र्या-लिंबांच्या पेट्या भरतो हे तुम्हाला माहीत आहे. त्याचं तुर्की फडाफड आहे, पण सगळं गोदामातलं: उचल, धर, हळू, माल जड आहे, गाडी लागली, खाली उतरव, बघतोस काय बैला. त्याने मनापासून शिकवलं आणि मी मनापासून पाठ केलं. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पाववाल्याकडे गेले, सत्तरीचा सभ्य माणूस, आणि मुकादमाच्या आवाजात म्हटलं, 'दोन उचल, हळू ठेव, बघतोस काय बैला.' मला वाटलं किती छान जमलं. त्याने पाव दोन्ही हातांनी दिले. आता मी रस्त्याने दिसले तरी तो टोपी काढतो.

मग नगरपालिकेच्या फुकट वर्गात जायला लागले. शिकवणारी पोरगी गोड आहे, पण पुस्तक मेलं फार सावकाश. ही पेन्सिल आहे. ते मांजर आहे. अली शाळेत जातो. मी पोट धरून, घाम पुसत, अलीबरोबर रोज शाळेत जातेय आणि अली काही शाळेतून बाहेर येईना. शेवटी एका शिकलेल्या बाईकडून (ती मग वर्ग सोडून गेली) विचारवून घेतलं की दवाखान्याचा धडा कधी. म्हणे वसंतात. माझं बाळ वसंताची वाट बघणार नाही असं त्या पोरीला पोट दाखवून सांगितलं, तर ती म्हणाली, घरी सराव करा.

आणि त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रातल्या बाईने दुभाषी मुलीकडून सांगितलं की या वेळी एक बाई बरोबर घेऊन या, भाषा येणारी, तिला आत बसू देतात. मागच्या वेळचं माझ्या कागदावर काहीतरी लिहिलेलं असणार (टोमॅटोचं नसू दे). घरी येऊन मी विचार केला, मला तुर्की येणारी बाई माहीत आहे कोण? वर्गातली ती पोरगी, तिला सुईचं नाव काढलं तरी चक्कर येते. आणि दुसरी, खालच्या मजल्यावरची झाडूवाली.

झाडूवाली म्हणजे झाडणारी नव्हे. झाडूच्या दांड्याने छत ठोकणारी. माकबुले तेयझे. (इथे परक्या म्हाताऱ्या बाईला तेयझे म्हणतात, म्हणजे मावशीच. रागावू नका, इथे भाजीवालीलाही म्हणतात.) नवरा वारलाय, मुलगा परगावी, आणि आवाज असा की समुद्रावरची जहाजं वळावीत. लुजैन धावली की त्या खालून ठोकायच्या. लुजैनला वाटायचं ढोल वाजतोय, मग ती तालावर नाचायची, मग त्या आणखी जोरात. त्यात मी एकदा गालिचा धुऊन कठड्यावर टाकला आणि त्याचं पाणी खाली त्यांनी माळा करून वाळत घातलेल्या मिरच्या-वांग्यांवर सांडलं. त्या दिवशी त्या जे बोलल्या त्यातला एक शब्दही मला कळला नाही, आणि सगळं कळलं. तेव्हापासून मी जिना उतरताना चपला हातात घ्यायचे.

तर त्या बाईकडे जायचं, आणि मागायचं काय, तर माझ्या बाळंतपणात माझ्याजवळ बसा. कोणत्या तोंडाने आणि कोणत्या भाषेत? दोन दिवस विचार केला आणि मग मला सुचलं. इतकी खूश झाले की मुनीरला उठवून सांगितलं. आपल्यात मोठं काम घेऊन गेलं की तोंडाने कुठे मागतो आपण? आपल्या नजवाला मागणी घालायला तिचे सासरे आले तेव्हा आठवतं ना, कॉफी समोर आली तर हात लावला नाही. आजोबांनी विचारलं, 'काय काम आहे, बोला,' आणि मग म्हणाले, 'प्या, तुमचं काम झालं.' म्हटलं, बास. मला तुर्की येत नाही, पण कॉफी न पिणं तर येतं. ते काय, जगात कोणालाही कळेल.

मामूल भाजले, आत खजूर भरून, तुमच्यासारखेच (जरा फुटले). नवा डोईचा रुमाल बांधला, लुजैनला धमकी दिली आणि दार वाजवलं. माकबुले तेयझेंनी दार उघडलं, आधी माझ्याकडे बघितलं, मग पोटाकडे, मग ताटाकडे, आणि बाजूला झाल्या. सपाता दिल्या. हातावर लिंबाचं अत्तरपाणी ओतलं. (ते घेतलं तर काम मागायचा हक्क जातो का, मला कळेना. विचारायला तुम्ही जवळ नव्हता. मी अर्ध्याच हातावर घेतलं.) मग आली कॉफी, फेसाची, शेजारी पाण्याचा पेला आणि मिठाईचा तुकडा. मी कप समोर ठेवला, हात मांडीवर ठेवले, आणि आजोबांना बघत असल्यासारखं त्यांच्याकडे बघायला लागले.

यानंतर जे झालं त्यातला त्यांचा शब्द न् शब्द मला आता पाठ आहे, कारण त्या सगळ्या इमारतीला रोज तेच सांगतात आणि मला एव्हाना ते समजायला लागलंय. 'घे, गार होतेय,' त्या म्हणाल्या. मी छातीवर हात ठेवून मान खाली घातली. आपल्यात याचा अर्थ, माझं एक मागणं आहे. त्यांच्यात याचा अर्थ, नको, पोट भरलंय. त्या म्हणाल्या, 'बरोबर, पोटुशी बाई, कॉफी चालत नसेल, माझीच अक्कल.' आणि चहा आणला. मी चहासमोर पुन्हा तशीच. लिंबाचं सरबत आणलं. मी तशीच. 'हे तरी पी, आमच्या झाडाचं लिंबू आहे.' मी छातीवर हात. मग आलं शलगमचं पाणी, काळ्या गाजराचं, आंबट-तिखट, इथले लोक त्यावर जीव टाकतात. मग दूध. कॉफी धरून पाच पेले रांगेत उभे, आणि मी त्यांच्यासमोर पहारेकऱ्यासारखी. भीतीने माझी जीभ टाळ्याला चिकटलेली, एवढं पाणी समोर आणि एक थेंब घ्यायचा नाही. तेवढ्यात लुजैनने सरबताकडे हात नेला. मी तो पकडला, म्हटलं हिने घोट घेतला की आपलं काम बुडालं. लुजैनने भोकाड पसरलं, 'आई, तहान लागलीय.' माकबुले तेयझेंचा चेहरा बघायला हवा होतात. 'बाई, मी वाळवंट आहे का? पोरीला तरी पिऊ दे. आता गाय वर चढवून आणू का?'

मग त्यांना वाटलं मला विषाची शंका आहे. खरंच सांगते. झाडूची भांडणं झालेली, म्हणून. त्यांनी माझ्या डोळ्यांत डोळे घालून एकेका पेल्यातला एकेक घोट घेतला, कॉफी, चहा, सरबत, शलगम, दूध, सगळं, आणि दुधाची मिशी पुसून म्हणाल्या, 'बघ, मेले का?' मला वाटलं यांच्यात हीच पद्धत असेल, यजमानाने आधी घ्यायचा. आता विचारतील काय काम आहे. मी आणखी ताठ बसले.

तेव्हा मात्र त्या दुखावल्या. खिडकीत जाऊन खालच्या दुकानदाराला हाक मारली, 'जेमील, वर ये, या बाईला काय झालंय बघ.' जेमील अंताक्याकडचा, घरी अरबी बोलणारा तुर्क. त्याचं अरबी ऐकलं की आपल्याला आपल्या पणजीची आठवण यावी, पण कळतं. तो दारात उभा राहिला, म्हणाला, 'ताई, पीत का नाहीस? म्हातारी रडायला आलीय.' मी म्हटलं, 'त्यांना सांगा माझं एक काम आहे. त्या हो म्हणाल्या की पिते.' त्याने डोक्याला हात लावला. 'अगं, हे आमच्या आजोबांच्या वेळचं. इथे कोणाला कळणार? काम काय ते सांग, मी सांगतो.' आता मावशी, परक्या पुरुषाला मी कसं सांगू? बाळंतपणाची गोष्ट, आणि त्याच्याकडून मी रोज साबण घेते. मी म्हटलं, 'तुम्हाला नाही सांगता येणार.' त्याने तेयझेंना सांगितलं, 'हिचं काम आहे. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पिणार नाही. काम काय ते माझ्यासमोर सांगणार नाही.'

माकबुले तेयझे खुर्चीत बसल्या. 'हो कशाला म्हणायचं, ते न कळता?' 'तसंच असतं,' जेमील म्हणाला. 'माझी बाल्कनी मागितली तर?' 'देऊन टाका.' 'माझा झाडू मागितला तर?' जेमील म्हणाला, 'तो तर सगळी इमारत मागतेय, तेयझे.' त्यावर त्यांनी त्याला हाकलून दिलं आणि दार लावून घेतलं.

मग आम्ही दोघीच. त्यांनी माझ्यासमोर स्टूल ओढलं, गुडघ्याला गुडघा लागेल असं बसल्या, आणि माझी हनुवटी वर केली. आता बोलायलाच हवं होतं. आणि मावशी, माझ्या डोक्यातून सगळं पळून गेलं. पेन्सिल नाही, मांजर नाही, अलीसुद्धा नाही. उरलं मुनीरचं गोदाम. मी पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, 'माल जड आहे.' त्यांनी मान हलवली. 'गाडी लागेल. दवाखाना. खाली उतरवायचं. मुनीर बाहेर. मी आत.' मी त्यांचा हात धरला, तो सुटणार नाही असा धरला, आणि म्हटलं, 'तू उचल नको. तू धर.' एवढं झालं आणि माझे शब्द संपले. मग कुठून आलं माहीत नाही, मालिकेतलं एक वाक्य आलं, नायिका रेल्वे स्टेशनवर म्हणते ते. 'मला सोडून जाऊ नकोस.' हे मी अगदी बरोबर म्हटलं, एकही चूक नाही, तिच्यासारखं श्वास घेऊन. कारण तेव्हा मला तसंच म्हणायचं होतं.

माकबुले तेयझे रडल्या नाहीत, तुम्हाला वाटत असेल तर. त्या उठल्या, रुमालाने नाक शिंकरलं, पाची पेले माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाल्या, 'पी. सगळं पी. हो म्हटलंय तर पाची पेल्यांना म्हटलंय.' मी म्हटलं एक कॉफी पुरे. ऐकतात कसल्या. आता त्यांना पद्धत कळली होती ना. एक जरी पेला राहिला तर काम अर्धं राहील असं त्यांच्या डोक्यात बसलं. मी गार कॉफी प्याले, गार चहा प्याले, सरबत अर्धं लुजैनने ओढलं ते वाचलं, मग शलगम, आणि शलगमवर दूध. दुधाने शलगमला काय केलं आणि दोघांनी मिळून मला काय केलं हे मी लिहीत नाही, समर वाचतेय. इतकंच सांगते की जिना त्यांनीच धुतला, आणि धुताना गात होत्या. कॉफीच्या गाळात त्या भविष्य बघतात, पण माझ्या कपाकडे बघून म्हणाल्या, इतक्या गार कॉफीत भविष्यही गारठतं, काही दिसत नाही.

आता मी रोज खाली जाते. घेवडे निवडता निवडता त्या मला शिकवतात. पहिला शब्द कुठला ते ओळखलं असेलच, जोर लाव. मग दुखतंय, कुठे दुखतंय, अजून किती, पाणी, हात द्या. परवा त्या स्वतःच दिवाणावर आडव्या झाल्या, पाय वर केले, म्हणाल्या मी तू, तू नर्स, आता ओरड. मी ओरडले. त्याही ओरडल्या, त्यांचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस उघड्या दारातून हे बघून टाकी तिथेच सोडून पळाला. आता त्यांचा झाडू वाजला की चहा झालाय असं समजायचं. आणि माझ्या कळा सुरू झाल्या तर मी बत्त्याने फरशी तीनदा ठोकायची. ते ठरलं त्याच दुपारी लुजैनने अक्रोड फोडायला बत्ता घेतला. तेयझे एका पायात मोजा, एका पायात चप्पल, हातात त्यांच्याकडेच ठेवलेली माझी दवाखान्याची पिशवी आणि डोक्यावर नमाजाचा रुमाल अशा वर आल्या आणि मला धरून जिन्याच्या मध्यापर्यंत नेलं. मी सारखी म्हणतेय, माल नाही, माल नाही, अक्रोड. त्यांना पटेना. जेमीलने टॅक्सीसुद्धा थांबवली होती.

तर मावशी, त्या दिवशी आत माझ्याजवळ कोण असेल याचं उत्तर हे. आरोग्य केंद्रातल्या बाईला त्या स्वतः जाऊन भेटून आल्या, नाव लिहून आल्या. दवाखान्यातल्या सगळ्या नर्सा मिळूनसुद्धा त्यांच्याइतकं मोठ्याने बोलू शकणार नाहीत, हे मी शपथेवर सांगते. मला आता अजिबात भीती वाटत नाही. काकांना सलाम, समरच्या पोरांना मुके, शेळीला चारा. तुमच्या गुडघ्यांना देव आराम देवो आणि तुमची सावली आमच्यावर राहो.

तुमच्या हाताखाली वाढलेली,
हनादी

ता. क. पाववाल्याकडे जाऊन मी माफी मागितली. तेयझेंनी शिकवलं तसं, गोड शब्दांत. तो घाबरून आणखी एक पाव द्यायला लागला.

ता. क. दुसरा. समर, हे जरा सावकाश वाच. मावशी, समरने मला सांगितलं की जैतुनाच्या बागांमधून माणसं नेणाऱ्या त्या माणसाशी तुम्ही बोललात, सरहद्दीच्या भिंतीला शिडी लावतो तोच. आणि बोचकंही बांधून ठेवलंय. एवढं लांब पत्र मी त्याचसाठी लिहिलं. तुम्ही हसत असाल तेव्हा सांगितलं तर ऐकाल असं वाटलं. येऊ नका. त्या भिंतीपाशी काय होतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे, आणि त्यात तुमचे गुडघे. मी आत असेन आणि तुम्ही वाटेत असाल, तर मी जोर लावू तरी कोणासाठी, बाळासाठी की तुम्ही भिंत उतरावी म्हणून? भीती वाटत नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे, मुनीर शेजारी बसला होता म्हणून लिहिलं. खूप वाटते. तरी येऊ नका. सरळ फाटकातून, उजेडात, कागद दाखवून येता येईल तेव्हा या, मी बस थांब्यावर उभी राहीन.

ता. क. तिसरा. बोचकं सोडलंत की एक काम करा. गावातल्या बायका अडल्या की तुम्ही त्यांच्या उशाशी बसून कानात जे बोलता ना, ते सगळं समरकडून लिहवून त्या सासूबरोबर पाठवा. तेयझेंना वाटतं की कळा सुरू झाल्यावर मी शिकलेलं सगळं तुर्की विसरणार, आणि मलाही तेच वाटतं. म्हणून त्या तुमचे शब्द पाठ करणार आहेत. चष्मा पुसून ठेवलाय. काही गाळू नका, नवऱ्यांना देता त्या शिव्यासुद्धा लिहा, मुनीरसाठी जरा सौम्य. आणि त्यांनी मुद्दाम विचारायला सांगितलंय, हे कानात हळू म्हणायचं असतं की ओरडून. तेही लिहा.